ग्लूटेनविरहित लेफ्सा: पीठ बदलण्याआधी बटाट्यातलं पाणी काढा

फ्योर्डकर

नॉर्वेत बटाट्याचे दोन पातळ, पोळीसारखे प्रकार घरोघरी होतात. एक मोठा आणि पातळ लाटलेला पोटेटलेफ्सा, दुसरा १५–१६ सें.मी.चा, थोडा जाड लोम्पा. दोन्हींत गहू असतो, काही भागांत राय किंवा बार्लीही. ग्लूटेन (या धान्यांतलं चिवट प्रथिन) चालत नसलेल्यांसाठी बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: मैद्याऐवजी तेवढंच ग्लूटेन-फ्री मिक्स घ्या. तसं केलं की उंडा पोळपाटाला चिकटतो, मग अजून पीठ घातलं जातं, आणि शेवटी तव्यावर एक कडक, तडकलेली चकती उरते.

मैदा इथे दोन कामं करतो. बटाट्यातलं मोकळं पाणी पितो आणि ग्लूटेनचं जाळं विणून लेफ्सा उचलताना एकत्र धरतो. तांदळाचं पीठ थंड पाणी फारसं पीत नाही आणि जाळं तर विणतच नाही. म्हणून आधी बटाट्यातलं पाणी कमी करायचं, मग जाळ्याची जागा इसबगोलाने भरायची. पिठाचा नंबर तिसरा.

माझं प्रमाण, १२ नगांसाठी:

बटाटे (उकडून, दाबून, वाफ जाऊ देऊन वजन) ५०० ग्रॅम. त्यासाठी कच्चे साधारण ६५० ग्रॅम लागतात.
लोणी २० ग्रॅम, घट्ट क्रीम २० मिली, मीठ ५ ग्रॅम.
इसबगोलाची पूड ६ ग्रॅम.
तांदळाचं बारीक पीठ ६० ग्रॅम, चिकट तांदळाचं पीठ (मोचीसाठी मिळतं ते) ३० ग्रॅम, टॅपिओका (साबुदाण्याच्या कंदाचा) स्टार्च ३० ग्रॅम.

बटाटे सालासकट उकडा. सोलून गरम असतानाच दाबयंत्रातून काढा, ताटात पसरा आणि वाफ जाऊ द्या. गरम किस ५०० ग्रॅम असेल तर वाफ गेल्यावर तो ४६०–४७० च्या आसपास यायला हवा. तेवढा उतरला नाही तर जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता. किस गरम असतानाच लोणी, क्रीम, मीठ मिसळा. वर फक्त स्वच्छ कापड टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. घट्ट झाकण लावलं तर वाफेचं पाणी परत खाली ठिबकतं.

सकाळी इसबगोल मिसळून २० मिनिटं थांबा. पीठं मात्र लाटायच्या अगदी आधी घाला. मळून ठेवलेला गोळा तासाभरात पाणी सोडतो आणि सैल होतो, मग तो सावरत नाही. ५५ ग्रॅमचे उंडे करा. लेफ्सा हवा तर २० सें.मी.पर्यंत लाटा, लोम्पा हवा तर १६. तवा २३०° से., तेल नाही. पहिली बाजू ४५ ते ६० सेकंद, दुसरी ३०.

आता प्रश्न. १७ मेच्या राष्ट्रीय दिनाला इथे नॉर्वेत सगळी मुलं लोम्प्यात गुंडाळलेलं सॉसेज खातात. लोम्पे सकाळी करून दुपारपर्यंत न्यावे लागतात. वरच्या प्रमाणाचा लोम्पा गरम असताना छान वळतो, पण चार-पाच तासांनी गार झाल्यावर दुमडीवर तडा जातो. तो मऊ कसा ठेवावा?

बाकरवडी_बाय

दाबयंत्र म्हणजे नक्की काय? माझ्याकडे पुरणयंत्र आहे, चालेल का?

मीठभाकर

बाकरवडी, त्यापेक्षा सोऱ्या घ्या. शेवेची जाड चकती बसवा आणि उकडलेला बटाटा गरम असताना एकदाच दाबून काढा, काम तेच होतं. पुरणयंत्रात बटाटा जाळीवर घासला जातो, पेशी फुटतात आणि स्टार्च बाहेर येऊन गोळा चिकट होतो. मिक्सर आणि फूड प्रोसेसर तर नकोच, खळ तयार होते.

आणि बटाटे कुकरमध्ये पाण्यात बुडवून उकडू नका. साल तडकली की आत पाणी शिरतं. तळाशी जाळी ठेवून फक्त वाफेवर शिजवा. सुरी सहज जाईल इतकेच शिजवायचे, फुटेपर्यंत नाही.

स्टार्चवाला

फ्योर्डकर, पाण्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण तांदळाचं पीठ हवंच कशाला? बटाट्यात बटाट्याचाच स्टार्च घाला. ५०० ग्रॅम किसाला ९० ग्रॅम स्टार्च आणि ६ ग्रॅम इसबगोल, संपलं. चव शुद्ध बटाट्याची येते.

फ्योर्डकर

स्टार्चवाला, तव्यावरून काढताक्षणी ते उत्तम लागतं. पण गार झालं की रबरासारखं ताणतं आणि चावताना दाताला चिकटतं. शिवाय नुसत्या स्टार्चच्या लेफ्स्यावर तपकिरी ठिपके नीट उठत नाहीत, कारण स्टार्चमध्ये प्रथिनं जवळजवळ नसतात. ठिपके नाहीत म्हणजे भाजलेली चवही नाही. लगेच खायचं असेल तर तुमची पद्धत सोपी. न्यायचं असेल तर निदान निम्मं तरी तांदळाचं पीठ हवं.

नॉर्वेत खरेदी करणाऱ्यांसाठी: दुकानात 'पोटेटमेल' नावाने मिळतो तो स्टार्चच असतो, उकडून वाळवलेल्या बटाट्याचं पीठ नव्हे. दोन्ही अगदी वेगळं वागतात.

स्टार्चवाला

ठिपक्यांचा मुद्दा मान्य. ३० ग्रॅम टॅपिओकाच्या जागी ३० ग्रॅम बटाट्याचा स्टार्च घातला तर मात्र फरक कळत नाही, आणि तो नॉर्वेत स्वस्तही आहे.

देशावरची

पुण्यात कुठला बटाटा घ्यावा? नॉर्वेतला तो बदामी आकाराचा मांडेल इथे कुठून मिळणार!

मीठभाकर

मांडेल नाही, पण त्याच्या जातीचे गुण असलेला मिळतो. पिठूळ बटाटा हवा, म्हणजे ज्यात कोरडा भाग जास्त. नॉर्वेत मांडेल, गुल्लओये, केर्स पिंक हे पिठूळ गटातले. आपल्याकडे कुफ्री चिप्सोना वेफर्ससाठी काढलेला आहे आणि त्यात कोरडा भाग २० टक्क्यांच्या वर असतो, तो पहिली पसंती. सातगाव पठाराच्या बाजूला वेफरवाल्यांसाठी जो माल निघतो तो मिळाला तर सोनं. कुफ्री ज्योती मध्यम, चालवून घ्यावा. पुखराज पाणीदार, तो रस्सा भाजीला ठेवा.

जात माहीत नसेल तर परीक्षा करा. मापाने १ वाटी मीठ ११ वाट्या पाण्यात विरघळवा आणि बटाटा सोडा. तळाशी गेला तर पिठूळ, तरंगला तर पाणीदार.

शीतगृहातल्या बटाट्याला एक खोड असते. फार थंडीत स्टार्चची साखर होते. चव गोडसर लागते आणि तव्यावर ठिपके तपकिरी न होता लगेच काळे पडतात. असा बटाटा आणला तर आठ-दहा दिवस स्वयंपाकघरात, अंधारात, कापडी पिशवीत ठेवा. बरीचशी साखर उतरते.

गव्हाशी_काडीमोड

चवीचं सगळं खरं, पण सिलिअ‍ॅक (ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांसाठी करणार असाल तर आधी हे वाचा.

१. तांदूळ गिरणीतून दळून आणू नका. त्याच जात्यावर आधी गहू दळलेला असतो. गिरणीवाल्याने 'जातं साफ केलंय' म्हटलं तरी पाळ्यांमध्ये राहिलेलं पीठ पुढच्याच्या डब्यात येतं. फक्त तांदळासाठी राखलेली घरघंटी किंवा ग्लूटेनविरहित छाप असलेलं बंद पाकीट, एवढेच पर्याय. भारतात एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) आणि युरोपातही ग्लूटेनची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅमची आहे. ती किती लहान आहे बघा: एक किलो खाण्यात चिमटीत मावणारं पीठसुद्धा ती ओलांडून जातं.

२. लाकडी पोळपाट-लाटणं वेगळं हवं. लेफ्स्याच्या लाटण्याला खाचा असतात आणि त्या खाचांत वर्षानुवर्षांचं पीठ बसलेलं असतं, धुऊन जात नाही. लाटण्यावर चढवायचा विणलेला मोजा आणि पोळपाटावरचं कापड हे तर आणखी वाईट. नवीन घ्या आणि वेगळ्या पिशवीत ठेवा.

३. रोज पोळ्या होतात तो बिडाचा तवा वापरू नका. त्याच्या पृष्ठभागावर जळलेलं पीठ मुरलेलं असतं आणि तो साबणाने खरवडला तर तेलाचा थर जातो. दुसरा तवा ठेवा.

४. त्या दिवशी त्याच ओट्यावर कणीक मळू नका. हवेत उडालेलं पीठ बराच वेळ खाली बसत राहतं.

बाकरवडी_बाय

हिंगाचं काय? कुठेतरी वाचलं की त्यात पण गहू असतो.

गव्हाशी_काडीमोड

बरोबर वाचलंत. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे खड्याच्या अर्कात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, पाकिटावर घटक वाचून घ्या. लेफ्स्यात हिंग पडत नाही, पण घर एकच असतं म्हणून सांगितलं.

ओस्लोची_सून

काडीमोड यांच्या यादीत एक भर. स्कँडिनेव्हियातल्या काही ग्लूटेन-फ्री मिक्समध्ये ग्लूटेन काढून टाकलेला गव्हाचा स्टार्च असतो. २० मिलिग्रॅमच्या आत असल्याने सिलिअ‍ॅकवाल्यांना तो चालतो आणि त्यामुळे लेफ्सा खूपच मऊ लाटला जातो. पण ज्यांना गव्हाची अ‍ॅलर्जी आहे त्यांना तो अजिबात चालत नाही. मुलांच्या कार्यक्रमाला नेणार असाल तर कोणाला नेमकं काय आहे हे विचारून घ्या, दोन्ही आजार वेगळे आहेत. ओटचं पीठ वापरायचं तर ग्लूटेनविरहित छापाचंच, आणि तेही सिलिअ‍ॅक असलेल्या थोड्या लोकांना सोसत नाही.

मिनेसोटाकर

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत नॉर्वेहून आलेल्यांच्या घरी हा पदार्थ थँक्सगिव्हिंग आणि नाताळला होतो. इथे रसेट जातीचा बटाटा वापरतात, आणि लोणी-क्रीम तुमच्या प्रमाणापेक्षा बरंच जास्त. ५०० ग्रॅमला ४५–५० ग्रॅम लोणी सर्रास. मैद्याच्या लेफ्स्याला ते पेलतं. ग्लूटेनविरहितला पेलत नाही, कारण स्निग्धांश वाढला की इसबगोलाला पाणी कमी मिळतं आणि कडा भुरभुरतात. तेव्हा फ्योर्डकर यांचे २० ग्रॅमच योग्य, फार तर २५.

इथली एक युक्ती तुमच्या कामाची आहे: बटाट्याचे वाळवलेले फ्लेक्स. किस ओला वाटला तर ५०० ग्रॅमला १५–२० ग्रॅम फ्लेक्स मिसळून १० मिनिटं ठेवा. फ्लेक्समधला स्टार्च आधीच शिजलेला असतो, त्यामुळे तो थंड पाणीसुद्धा लगेच पितो, कच्च्या पिठाला ते जमत नाही. घटकांत फक्त बटाटा आहे ना ते बघा. चव घातलेल्या पाकिटांत काहीही असू शकतं.

तव्याबद्दल: इथे विजेवरचा १६ इंची सपाट ग्रिल वापरतात, तो ५०० फॅरनहाइट म्हणजे २६०° से.पर्यंत जातो. घरचा तवा असेल तर बिडाचाच घ्या. टेफ्लॉनचा रिकामा तवा एवढा तापवू नये.

चहात_बुडवून

मिनेसोटात म्हणे ट्रकएवढा लेफ्सा केला होता?

मिनेसोटाकर

ट्रकएवढा नव्हे, पण १९८३ साली स्टारबक गावात सुमारे तीन मीटर व्यासाचा केला होता. तो ग्लूटेनविरहित नव्हता. आपला २० सें.मी.चा उचलताना फाटतो, तिथे तीन मीटरची गोष्ट राहू द्या. :)

देशावरची

इसबगोल म्हणजे औषधाच्या दुकानात पोट साफ होण्यासाठी मिळतो तोच ना?

ओस्लोची_सून

तोच. नॉर्वेत तो बेकिंगच्या कप्प्यात 'फायबरहस्क' नावाने मिळतो आणि इथली सगळी ग्लूटेनविरहित भाकरी-पाव त्याच्यावर उभी आहे. हे पीक मुख्यतः गुजरात-राजस्थानात होतं, म्हणजे माल आपल्याकडचाच. पण तीन गोष्टी पाळा. संत्र्याच्या चवीचा, साखर घातलेला घेऊ नका. अख्खी साल असेल तर कोरड्या मिक्सरमध्ये फिरवून पूड करा. अख्खी साल दीड मिलिमीटरच्या लेफ्स्यात ठिपका म्हणून दिसते आणि तिथेच फाटतं. आणि वाटीने न मोजता वजनाने घ्या. सालीचा एक चमचा आणि पुडीचा एक चमचा यात दुप्पट-तिपटीचा फरक पडतो.

काही कंपन्यांच्या पुडीने लेफ्सा भाजल्यावर जांभळट दिसतो. खराब झालेला नसतो, चवीत फरक नाही. पुढच्या वेळी दुसरं पाकीट घ्या.

स्टार्चवाला

झँथन गम (पीठ बांधून धरणारी डिंकासारखी पूड) का नको? दोन ग्रॅममध्ये काम होतं.

ओस्लोची_सून

होतं, पण दोन ग्रॅमच्या पुढे गेलात की बुळबुळीत लागतं, आणि झँथनचा उंडा लाटताना परत आक्रसतो. इसबगोलाचा उंडा लाटू तिथे राहतो. दोन्ही मिळून करायचं तर इसबगोल ५ ग्रॅम आणि झँथन अर्धा ग्रॅम, त्यापेक्षा जास्त नको.

कोकणातला_तवा

एवढी खटपट करताय, पण तांदळाचं पीठ कच्चंच का घालताय? मोदकाला आपण उकड काढतो ती काय उगाच? कच्च्या पिठाने पारी फुटते, उकडीने वळते. इथेही तेच करा. ६० ग्रॅम तांदळाच्या पिठाला ७० मिली दूध उकळून घ्या, पीठ वैरा, झाकून पाच मिनिटं वाफ येऊ द्या, गरम असताना मळा. ही उकड बटाट्याच्या किसात मिसळा. क्रीम मग घालू नका.

फ्योर्डकर

कल्पना चांगली आहे, पण ७० मिली दूध म्हणजे आपण बटाट्यातून काढलेलं पाणी दुप्पट करून परत घातलं. उंडा चिकटणार नाही का?

कोकणातला_तवा

नाही, कारण ते पाणी मोकळं राहत नाही, शिजलेल्या पिठात बांधलं जातं. तुमच्याच पहिल्या पोस्टमधला मुद्दा: अडचण मोकळ्या पाण्याची. फक्त दोन अटी. उकड पूर्ण गार होऊ द्या, कोमट असतानाच बटाट्यात मिसळली तर लोणी वितळून सगळं सैल होतं. आणि टॅपिओका ३० वरून ४५ ग्रॅमवर न्या. पिठूळ बटाटा नसेल तर मात्र या वाटेला जाऊ नका, तिथे तुमची शंका खरी ठरेल.

तांदूळही कुठला घेता त्यावर आहे. जुन्या बासमतीचं पीठ मोकळं मोकळं होतं, गार झाल्यावर कडक. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर, तोही नवा, चिकट असतो. पुण्याकडे मोचीचं पीठ शोधत बसण्यापेक्षा ९० ग्रॅम इंद्रायणीचं पीठ घ्या, चिकट तांदळाचं पीठ वगळलं तरी चालतं. त्यातल्या ६० ग्रॅमची उकड, ३० ग्रॅम कोरडं.

मीठभाकर

हे पटलं. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, मोदकाच्या पिठासारखं अगदी बारीक दळलेलं हवं. भाकरीचं रवाळ पीठ दीड मिलिमीटरला लाटता येत नाही.

चहात_बुडवून

ज्वारी चालेल का? घरात ढीगभर आहे.

मीठभाकर

लोम्प्याला २० ग्रॅमपर्यंत, तांदळाच्या बदल्यात. रंग करडा येतो, चव छान लागते. लेफ्स्याला नको, कडा फाटतात. कुट्टूचं पीठही असंच. नॉर्वेत त्याला बोकव्हेटे म्हणतात, त्याचा गव्हाशी संबंध नाही, पण चव उग्र असल्याने १५ ग्रॅमच्या पुढे बटाटा लागतच नाही.

नवी_सुगरण

सगळं वाचून केलं. लाटणं जमतंय, पण पोळपाटावरून तव्यावर जाताना मधोमध फाटतंय. लांब पातळ काठी मागवली आहे, तिचा उपयोग कसा करतात?

मिनेसोटाकर

काठीचं टोक पिठीत बुडवून घ्या. लेफ्स्याच्या बरोबर मध्यरेषेखाली सरकवा, पलीकडे बाहेर येईपर्यंत. सावकाश वर उचला म्हणजे दोन्ही बाजू खाली लोंबतील. एक कड तव्याच्या काठाला टेकवा आणि काठी गोल फिरवत उलगडा. हे मैद्याच्या लेफ्स्याचं तंत्र.

ग्लूटेनविरहितला, काठी हातात बसेपर्यंत, कागदाची वाट धरा. उंडा बेकिंग पेपरवर लाटा, वर जाड प्लॅस्टिकची कापलेली पिशवी. पिशवी काढा. कागदासकट तव्यावर उलटा टाका, लेफ्सा खाली, कागद वर. दहा-पंधरा सेकंदांत वाफ धरते आणि कागद सहज सुटतो. ओढावा लागला तर अजून पाच सेकंद थांबा. कागद तव्याबाहेर लोंबत ठेवू नका, गॅसच्या ज्वाळेत पेटतो. २३०° से. ही बहुतेक बेकिंग पेपरच्या मर्यादेच्या जवळची पातळी आहे, म्हणून तो लगेच काढायचा आणि एक कागद तीन-चारदाच वापरायचा.

उंडा फ्रिजमधला थंड असेल तर कमी फाटतो. सगळे उंडे एकदम बाहेर काढू नका, तीन-तीन काढा.

नवी_सुगरण

आणि पिठी कोणती? तांदळाची लावली तर तव्यावर करपट वास येतो.

मिनेसोटाकर

पिठी तांदळाचीच, पण जास्त होतेय. लाटून झालं की मऊ ब्रशने झटका, आणि प्रत्येक लेफ्स्यानंतर तवा कोरड्या कापडाने पुसा. राहिलेली पिठी जळून पुढच्याला कडवट वास देते. तव्याचं तापमान तपासायला चिमूटभर पिठी टाका. काही सेकंदांत तांबूस झाली तर बरोबर, पडताक्षणी काळी झाली तर आच कमी करा, पांढरीच राहिली तर थांबा. लांबून मोजायचा थर्मामीटर चकचकीत धातूवर चुकीचा आकडा दाखवतो, काळ्या बिडावर ठीक.

आच कमी ठेवून सावकाश भाजू नका. ठिपके पडायच्या आत सगळं पाणी जातं आणि लेफ्सा पापडाच्या वाटेला लागतो.

इतिहासाची_गोडी

थोडं अवांतर. लेफ्सा बटाट्याआधीचा आहे, तेव्हा तो धान्याच्या पिठाचाच असे. नॉर्वेत बटाटा अठराव्या शतकाच्या मध्यानंतर रुजला. गावोगावच्या धर्मगुरूंनी त्याचा प्रचार केला, त्यांना तिथे 'बटाटा-पाद्री' म्हणतात. १८०७ नंतर ब्रिटिशांनी समुद्र अडवला, डेन्मार्कहून येणारं धान्य थांबलं आणि बटाट्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. धान्य पुरवून वापरायला म्हणून पिठात बटाटा शिरला. म्हणजे यातलं पीठ कमी करत जाणं हे परंपरेला सोडून नाहीच.

ओस्लोची_सून

सुंदर माहिती. म्हणूनच बटाटा-लेफ्सा हा ग्लूटेनविरहित करायला सगळ्यात योग्य. पश्चिम नॉर्वेतल्या हार्डांगरचा कोरडा लेफ्सा बटाट्याचा नसतो, त्यात सगळा भार गव्हावर. तो या पद्धतीने करायला जाऊ नका.

खायचं कसं, तर लोणी-साखर, वर दालचिनी, हे सगळ्यांना आवडणारं. तपकिरी बकरीचं चीज आणि लोणी हे दुसरं. मासे खाणाऱ्यांसाठी राकफिस्क, म्हणजे आंबवलेला ट्राउट, सोबत आंबट साय आणि कच्चा कांदा.

चहात_बुडवून

आंबवलेला ट्राउट! मी लोणी-साखरेच्या रांगेत उभा.

कोकणातला_तवा

आम्ही सुकटीचे लोक, आम्हाला राकफिस्क द्या.

गव्हाशी_काडीमोड

१७ मेसाठी करताय म्हणून: लोम्पा ग्लूटेनविरहित करून वर कुरकुरीत तळलेला कांदा टाकाल, तर सगळं वाया. नॉर्वेत दुकानातल्या त्या कांद्याला बहुधा गव्हाचं पीठ लावलेलं असतं. सॉसेज अनेक ग्लूटेनविरहित मिळतात, पण सगळे नाहीत. नॉर्वेच्या सिलिअ‍ॅक संघटनेच्या लोकांकडूनही हेच ऐकाल: काट मारलेल्या कणसाचं चिन्ह बघा, नसेल तर घटक वाचा. आणि चिमटा वेगळा ठेवा. सामाईक पातेल्यात तोच चिमटा साध्या लोम्प्यालाही लागतो.

फ्योर्डकर

चिमट्याचा मुद्दा लक्षात ठेवतो. तर मूळ प्रश्नाकडे: गार लोम्पा तडकतो त्यावर काय?

कोकणातला_तवा

तांदळाचा शिजलेला स्टार्च गार होताना परत घट्ट होतो, म्हणून तडा. सगळ्यात वेगाने तो फ्रिजच्या तापमानाला घट्ट होतो. तेव्हा केलेले लोम्पे फ्रिजमध्ये ठेवायचेच नाहीत. त्याच दिवशी खायचे तर बाहेर, नाहीतर थेट फ्रीझरमध्ये.

उकडीची पद्धत घ्या, चिकट तांदळाचं पीठ ३० वरून ४५ करा, साधं तांदळाचं तेवढंच कमी करा. ४५ ग्रॅम साध्या पिठाची उकड, दूध ५५ मिली.

ओस्लोची_सून

आणि लोम्प्यासाठी इसबगोल ६ वरून ८ ग्रॅम. लेफ्स्याला ८ जास्त होतात, लोम्पा जाड असल्याने त्याला चालतात. तव्यावरून काढला की लगेच सुती पंचात, एकावर एक, आणि वरून दुसरा पंचा. कडांची वाफ आतच मुरली पाहिजे. तासाभराने कोमट झाले की पंचासकट पिशवीत. गरम असताना प्लॅस्टिकमध्ये घातले तर पाणी सुटून वरचे-खालचे चिकटतात.

मिनेसोटाकर

जाडी पण बघा. सॉसेज गुंडाळायचा लोम्पा अडीच मिलिमीटर हवा. ५५ ग्रॅमचा उंडा १६ सें.मी.ला लाटला की तेवढा येतो. १८ ला नेलात की दुमडीवर तडा येणारच, मग पीठ कुठलंही असो.

फ्योर्डकर

उकडीचं करून बघितलं: इसबगोल ८, चिकट तांदूळ ४५, साधा ४५ (उकड), टॅपिओका ४५, क्रीम नाही. सहा तासांनी बाहेरच्या तापमानाला सॉसेजभोवती पूर्ण वळला. दुमडीवर बारीक रेघ आली, फाटला नाही. उंडे आता ६० ग्रॅमचे होतात, कारण एकूण वजन वाढलं.

नवी_सुगरण

आधी करून फ्रीझ केले तर? ३० लोम्पे एका सकाळी होणार नाहीत.

ओस्लोची_सून

दोन लोम्प्यांमध्ये बेकिंग पेपर ठेवून, सहा-सहाचे गठ्ठे, हवा काढलेल्या पिशवीत. महिनाभर छान राहतात. आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवू नका, सकाळी थेट फ्रीझरमधून काढा. कागद काढून प्रत्येकी १५ सेकंद मायक्रोवेव्ह, किंवा गरम तव्यावर झाकणाखाली अर्धा मिनिट, आणि लगेच पंचात. ३० ला तास पुरेल. एकदा गरम केलेले परत फ्रीझ करू नका, दुसऱ्या वेळी ते चुरा होतात.